गुडघ्याचं लिगामेंट तुटलंय: ऑपरेशन ठरवण्याआधी काय पाहायचं?

प्रश्न थोडक्यात असा: वय २६. फुटबॉल खेळताना पळता पळता दिशा बदलली, पाय जमिनीत रोवलेलाच राहिला आणि अंग वळलं. आतून 'कट्' असा आवाज आला, तासाभरात गुडघा टम्म सुजला. एमआरआयमध्ये 'एसीएल पूर्ण तुटलेलं, एमसीएल ग्रेड दोन, हाडाला मुका मार' असं आलंय. एक डॉक्टर म्हणतात लगेच ऑपरेशन करून टाका, दुसरे म्हणतात आधी व्यायाम. तीन आठवडे झाले, चालता येतं, पण पाय अजून पूर्ण सरळ होत नाही. आठ महिन्यांनी स्पर्धा आहे, तोवर मैदानात उतरता येईल का?

तुम्हाला ऑपरेशनचं हो की नाही ते हवंय. मला मात्र तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य दुसरंच वाटलं: पाय अजून पूर्ण सरळ होत नाही. गुडघ्याच्या दुखापती बघण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि पाय सरळ का होत नाही हे कळल्याशिवाय मी एसीएलबद्दल काहीही ठरवत नाही. तिथे येतोच, पण त्याआधी निदान कसं होतं ते समजून घ्या. दोन डॉक्टरांची दोन मतं का पडली हे त्यातूनच कळेल.

गुडघ्यात मुख्य लिगामेंट, म्हणजे हाडं एकमेकांना बांधून ठेवणारे पट्टे, चार. सांध्याच्या आत एकमेकांना फुली मारून जाणारी दोन: पुढचं एसीएल, मागचं पीसीएल. बाजूंना दोन: आतल्या बाजूचं एमसीएल, बाहेरच्या बाजूचं एलसीएल. एसीएल नडगीला पुढे सरकू देत नाही आणि पाय वळताना सांधा निसटू देत नाही. पीसीएल नडगीला मागे जाऊ देत नाही. एमसीएल सांध्याच्या बाहेर असतं, त्याला रक्तपुरवठा चांगला, म्हणून ते बहुधा आपोआप जुळून येतं. एसीएल सांध्यातल्या वंगणात बुडालेलं असतं. तुटलेल्या दोन टोकांच्या मध्ये रक्ताची गाठ धरत नाही आणि टोकं जुळायला आधारच मिळत नाही. एकाच रिपोर्टमधल्या दोन दुखापतींचे उपचार इतके वेगळे असतात ते यामुळे.

निदानाचा मोठा भाग पेशंटच्या बोलण्यातच असतो. कोणाचा धक्का न लागता, दिशा बदलताना किंवा उडी मारून खाली येताना गुडघा आत वळला, आवाज आला, पुढे खेळता आलं नाही आणि दोन-तीन तासांत सूज आली, एवढं ऐकलं की हात लावायच्या आधीच मनात एसीएल येतं. इतक्या झपाट्याने येणारी सूज म्हणजे पाणी नसून रक्त. नुसती दोन हाडांमधली गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटली असेल तर सूज बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी दिसते. रक्त भरण्याची इतर कारणंही आहेत. वाटी सरकून परत जागेवर बसलेली असू शकते, हाड मोडलेलं असू शकतं. गुडघा फारच ताणला असेल तर आम्ही सुईने रक्त काढतो. ते भांड्यात ठेवलं आणि वर तेलासारखे थेंब तरंगायला लागले, तर ती हाडातली चरबी. कुठेतरी हाड मोडलंय, एक्स-रे पुन्हा नीट बघायचा.

बाहेरून गुडघ्यावर आडवा आघात झाला असेल तर एमसीएल. वाकलेल्या गुडघ्याची नडगी गाडीच्या डॅशबोर्डवर आदळली, किंवा पाऊल खाली ताणलेलं असताना वाकलेल्या गुडघ्यावर पडणं झालं, तर पीसीएल. पीसीएलचे पेशंट बऱ्याचदा उशिरा येतात, कारण सूज बेताची असते आणि 'गुडघा निसटतो' अशी तक्रार ते क्वचितच करतात. जिना उतरताना वाटीमागे दुखतं, एवढंच सांगतात.

मग तपासणी. एसीएलसाठी सगळ्यात भरवशाची चाचणी लॅकमन. फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठातले जोसेफ टोर्ग यांनी ती १९७६ मध्ये प्रसिद्ध केली आणि नाव दिलं आपले गुरू जॉन लॅकमन यांचं. पेशंट पाठीवर सैल पडलेला, गुडघा २० ते ३० अंश वाकलेला. एका हाताने मांडी घट्ट धरायची, दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढायची. नडगी किती सरकते यापेक्षा ती कशी थांबते हे महत्त्वाचं. शाबूत एसीएल ताणलेल्या दोरीसारखं एका जागी खाडकन थांबवतं. तुटलेलं असेल तर नडगी पुढे जाते आणि शेवट मऊ, गुळमुळीत लागतो. आधी चांगला गुडघा तपासायचा, कारण काही लोकांचे सांधे जन्मतःच सैल असतात. दुखऱ्या गुडघ्यात मांडीमागचे स्नायू आवळून धरलेले असतील तर ही चाचणीही फसते. म्हणून पहिल्या दिवशीच्या 'सगळं ठीक आहे' यावर विसंबू नये. सात ते दहा दिवसांनी, सूज थोडी उतरल्यावर, परत तपासून घ्यावं.

गुडघा ९० अंश वाकवून नडगी पुढे ओढायची जुनी चाचणी अजून बरेच जण करतात. तिच्यात एक सापळा आहे. पीसीएल तुटलेलं असेल तर नडगी आधीच मागे झुकलेली असते. ती ओढली की पुढे येते, म्हणजे खरं तर मूळ जागी येते, आणि तपासणारा 'एसीएल गेलं' असं लिहून मोकळा होतो. हे टाळायला फार काही करावं लागत नाही. दोन्ही गुडघे वाकवून ठेवायचे आणि बाजूने डोळा लावून बघायचं. एका बाजूची नडगी खाली गेलेली दिसली की उलगडा होतो.

एमसीएलसाठी गुडघा दोन स्थितींत तपासतात. ३० अंशांत आतली बाजू उघडली आणि सरळ पायात घट्ट राहिली, तर एकटं एमसीएल. सरळ पायातही उघडली तर आणखी काहीतरी तुटलंय, बहुधा एसीएल किंवा पीसीएल. सगळ्यात जास्त निसटतो तो गुडघ्याचा बाहेरचा-मागचा कोपरा. पेशंटला पालथं झोपवून दोन्ही पावलं बाहेरच्या बाजूला वळवून पाहतात. ३० अंशांत एक पाऊल दुसऱ्यापेक्षा ठळकपणे जास्त वळलं तर हा कोपरा गेला, ९० अंशांतही तसंच दिसलं तर सोबत पीसीएलही. एवढा खटाटोप अशासाठी, की हा कोपरा ढिला ठेवून एसीएल नवीन बसवलं तर त्याच्यावर जास्तीचा ताण येतो आणि ते काही काळाने निकामी होतं. ऑपरेशन 'फेल' गेलं म्हणून येणाऱ्या गुडघ्यांत मी हे आधी शोधतो.

एमआरआयच्या आधी साधा एक्स-रे हवाच. नडगीच्या हाडाच्या बाहेरच्या कडेला तांदळाएवढा तुकडा सुटलेला दिसला तर एसीएल तुटल्याची जवळजवळ खात्री. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा, पण पॅरिसचे शल्यविशारद पॉल सेगाँ यांनी मृतदेहांच्या गुडघ्यांवर प्रयोग करून हा तुकडा १८७९ मध्येच वर्णन करून ठेवला होता. वाढीच्या वयातल्या मुलांत एसीएल मधूनच तुटण्याऐवजी ते जिथे चिकटतं तो हाडाचा भागच उपटून येऊ शकतो. तोही एक्स-रेवर दिसतो आणि त्याचा उपचार वेगळा.

एमआरआय उत्तम तपासणी आहे, पण तिचा उपयोग कशासाठी ते ओळखून असावं. गाद्या, कूर्चा आणि हाडातला मुका मार ती छान दाखवते. तुमच्या रिपोर्टमधला मुका मार म्हणजे एसीएल तुटताना नडगी पुढे सटकून मांडीच्या हाडावर आपटल्याची खूण. तो काही महिन्यांत विरतो, त्याला वेगळा उपचार नाही. मात्र गुडघा किती ढिला आहे हे एमआरआय सांगत नाही, कारण तिथे गुडघा नुसता पडून असतो. 'अर्धवट तुटलं' असा शेरा असलेला एखादा गुडघा हातात धरला की पूर्ण सैल लागतो, आणि 'पूर्ण तुटलं' असलेला कधी कधी चांगलाच घट्ट. ऑपरेशनचा निर्णय नुसत्या रिपोर्टवर कोणी देत असेल तर मला ते पटत नाही.

आता तुमचा सरळ न होणारा पाय. कारणं मुख्यतः तीन. पहिलं, गादीचा मोठा उभा तुकडा सुटून सांध्यात मधोमध अडकलेला. अशा वेळी पाय सरळ करताना ठरावीक जागी रबरासारखा अडथळा लागतो आणि कितीही सैल सोडलं तरी तो हटत नाही. एमआरआयवर कधी कधी दोन पीसीएल असल्यासारखं चित्र दिसतं, त्यातलं एक म्हणजे ही अडकलेली गादी. हे असेल तर थांबण्यात अर्थ नाही. गादी वेळेत शिवली तर वाचते, तिच्यावर चालत राहिलं तर चिरडून जाते आणि मग कापून काढावी लागते. दुसरं कारण, तुटलेल्या एसीएलचं टोक पुढे दुमडून अडकणं. तिसरं आणि सगळ्यात जास्त दिसणारं: काहीच अडकलेलं नाही, पण सूज आहे, एमसीएल दुखतंय, मांडीमागचे स्नायू आवळलेत आणि मांडीच्या पुढचा स्नायू, क्वाड्रिसेप्स, झोपलाय. सांध्यात सूज असली की त्या स्नायूकडे जाणारे आदेशच दाबले जातात. इच्छाशक्तीचा तिथे फारसा संबंध नसतो.

पाय नेमका किती कमी पडतोय हे घरीच मोजा. पलंगावर पालथे झोपा, गुडघ्यापासून खाली दोन्ही पाय कडेच्या बाहेर लोंबू द्या आणि कोणाला तरी दोन टाचांच्या उंचीतला फरक मोजायला सांगा. एक सेंटिमीटर म्हणजे साधारण एक अंश. दर आठवड्याला हा फरक घटत असेल तर तिसरं कारण धरून चाला. तो जागचा हलत नसेल, तर तुमच्या एमआरआयच्या फिल्म्स, नुसता रिपोर्ट नव्हे, सर्जनला पुन्हा बघायला लावा.

दरम्यान गुडघ्याखाली उशी ठेवून झोपणं आजच बंद करा. त्याने बरं वाटतं खरं, पण पाय वाकडाच आखडत जातो. उशी किंवा टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवा, गुडघ्यामागे काही नको, आणि १० ते १५ मिनिटं पाय स्वतःच्या वजनाने खाली जाऊ द्या. दिवसातून चार-पाच वेळा. त्याच स्थितीत मांडी आवळून गुडघा खाली दाबा. पाय सरळ ठेवून उचलताना गुडघा किंचितही वाकत नसेल तर स्नायू जागा झाला असं समजा. थंड शेक, पट्टी आणि पाय उंच ठेवणं चालू द्या. मालीश मात्र नको, विशेषतः आतल्या बाजूला. सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घ्यायचं इथे काही कारण नाही. प्लेटलेटच्या इंजेक्शनने तुटलेलं एसीएल जुळतं याला भक्कम पुरावा नाही. आणि औषधाच्या दुकानातली नी-कॅप धीर देते, ढिला गुडघा धरून ठेवत नाही.

तुमचं ग्रेड दोनचं, म्हणजे अर्धवट तुटलेलं, एमसीएल बिजागरीच्या ब्रेसमध्ये चार ते सहा आठवड्यांत बहुधा बरं होईल. ते कोवळं असताना, गुडघा सुजलेला आणि आखडलेला असताना एसीएलचं ऑपरेशन केलं तर सांधा कायमचा कडक होण्याचा धोका असतो. माझ्या मते ढिल्या गुडघ्यापेक्षा आखडलेला गुडघा निस्तरायला अवघड. तेव्हा 'लगेच' म्हणणाऱ्या डॉक्टरांना मी एवढंच विचारीन की गादी अडकली आहे का? नसेल तर घाई कसली?

खरी घाई वेगळ्या दुखापतींत असते. तीन-चार लिगामेंट एकदम तुटली असतील तर गुडघा सांध्यातून निखळून परत बसलेला असू शकतो, आणि गुडघ्यामागची मुख्य रक्तवाहिनी फाटलेली असू शकते. पावलात नाडी लागते म्हणून निर्धास्त राहता येत नाही. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून गुणोत्तर ०.९ पेक्षा कमी आलं तर रक्तवाहिनीची तपासणी ताबडतोब, कारण साधारण सहा ते आठ तासांत रक्त सुरू झालं नाही तर पाय गमवावा लागू शकतो. पाऊल वर उचलता येत नसेल तर बाहेरच्या बाजूची नसही दुखावलेली असते. बाहेरच्या कोपऱ्याची मोठी दुखापतसुद्धा पहिल्या तीन आठवड्यांत दुरुस्त केली तर निकाल चांगला लागतो. एकटं पीसीएल बहुतेकदा ब्रेस आणि क्वाड्रिसेप्सच्या ताकदीवर निभावतं.

आता एसीएल. तुमच्या दोन्ही डॉक्टरांच्या पाठीशी पुरावा आहे, आणि गंमत तिथेच आहे. स्वीडनमध्ये १२१ तरुण, सक्रिय लोकांवर झालेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांचं लवकर ऑपरेशन, निम्म्यांना आधी व्यायाम आणि गरज पडली तरच ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या गुडघ्यांत फरक दिसला नाही. पाच वर्षांपर्यंत व्यायामाच्या गटातल्या साधारण निम्म्यांनी ऑपरेशन करून घेतलं, निम्म्यांना लागलंच नाही. नेदरलँड्समधल्या १६७ जणांच्या २०२१ च्या अभ्यासातही व्यायाम गटातले निम्मेच ऑपरेशनपर्यंत गेले, मात्र गुडघा कसा चालतो याच्या प्रश्नावलीत लवकर ऑपरेशन झालेल्यांचे गुण थोडे सरस होते. मग २०२२ मध्ये ब्रिटनमधला ३१६ जणांचा अभ्यास आला. त्यातल्या दुखापती जुन्या होत्या आणि गुडघे दगा देत राहिलेले होते. तिथे ऑपरेशन सरस ठरलं.

हे तिन्ही निकाल एकमेकांना खोडत नाहीत. दुखापत ताजी असेल तर व्यायामाला रीतसर संधी द्यायला हरकत नाही. काही महिने मन लावून व्यायाम करूनही गुडघा निसटत असेल तर नुसता व्यायाम वाढवत राहण्यात हशील नाही, कारण गुडघा निसटला की दर वेळी गादीवर घाव बसू शकतो आणि आतल्या बाजूची गादी अशीच हळूहळू फाटत जाते. सरळ चालणं, सायकल, पोहणं, जिममधला व्यायाम एवढ्यावर ज्यांचं समाधान आहे ते बरेचसे ऑपरेशनशिवाय उत्तम जगतात. दिशा बदलण्याचे खेळ खेळायचे असतील, शिवण्याजोगी गादी फाटलेली असेल, एकाहून जास्त लिगामेंट ढिली असतील किंवा पेशंट किशोरवयीन असेल, तर माझा कल ऑपरेशनकडे जातो. 'ऑपरेशन केलं नाही तर पुढे संधिवात होईल' ही भीती मात्र कोणी घालत असेल तर मनावर घेऊ नका. एसीएल तुटलेल्या गुडघ्यांत १० ते २० वर्षांनी झीज दिसण्याचं प्रमाण बरंच आहे, आणि नुसतं एसीएल बसवल्याने ती टळते असं सिद्ध झालेलं नाही.

गुडघा ९० अंशांत चार आठवडे ब्रेसमध्ये बांधून ठेवायचा आणि एसीएल आपोआप जुळू द्यायचं, अशीही एक पद्धत अलीकडे चर्चेत आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ८० जणांच्या मालिकेत तीन महिन्यांच्या एमआरआयवर बहुतेकांत जुळण्याच्या खुणा दिसल्या. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि हे बांधणं पहिल्या काही दिवसांतच सुरू करावं लागतं. तुमच्यासाठी ती वेळ टळून गेली आहे.

ऑपरेशन ठरलंच तर दुर्बिणीतून होतं आणि तुमच्याच शरीरातला स्नायुबंध काढून नवं लिगामेंट बसवतात. वाटीखालचा, मांडीमागचा किंवा वाटीवरचा, तिन्ही चालतात. वाटीखालचा घेतला तर गुडघे टेकताना पुढे दुखू शकतं, मांडीमागचा घेतला तर तिथली ताकद थोडी कमी राहते. मृत दात्याचा स्नायुबंध तरुण खेळाडूंत जास्त वेळा तुटतो, तुमच्या वयाला तो नको. तुमचा खेळ फुटबॉल, म्हणून सर्जनला एक नक्की विचारा: बाहेरच्या बाजूला जोड-आधार द्यायचा का? २५ वर्षांपर्यंतच्या ६१८ जणांच्या २०२० च्या अभ्यासात मांडीमागच्या ग्राफ्टला, म्हणजे तिथून काढून बसवलेल्या स्नायुबंधाला, असा आधार दिल्यावर दोन वर्षांत ग्राफ्ट तुटण्याचं प्रमाण ११ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आलं. ऑपरेशननंतर पोटरी दुखून सुजली, ताप आला किंवा जखमेतून पाणी आलं तर ठरलेल्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा.

तेव्हा तुमच्यासाठी क्रम असा. अडकलेली गादी नाही याची या आठवड्यात खात्री करून घ्या. पुढचे तीन-चार आठवडे ब्रेस, पाय सरळ करणं, सूज उतरवणं, क्वाड्रिसेप्स जागा करणं. मग शांत झालेल्या गुडघ्याची पुन्हा लॅकमन आणि बाकीची तपासणी, आणि निर्णय तेव्हा. फुटबॉल सोडायचा नसेल तर तो बहुधा ऑपरेशनचाच होईल. तोवर केलेला व्यायाम वाया जात नाही, कारण ऑपरेशनला जाताना मांडी जितकी मजबूत तितकी पुढची वाट सोपी.

राहिली स्पर्धा. बसवलेला स्नायुबंध सुरुवातीच्या महिन्यांत आधी कमकुवत होतो, मग त्यात नव्या रक्तवाहिन्या आणि पेशी शिरून त्याचं हळूहळू लिगामेंट बनतं. गुडघा दुखायचा थांबतो त्याच्या किती तरी आधी, म्हणून चौथ्या-पाचव्या महिन्यात पेशंटला वाटतं की आता सगळं बरं झालं. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या गटाने २०१६ मध्ये दाखवलं की नऊ महिन्यांपर्यंत मैदानात परतणं जितकं लांबवलं, तितका दर महिन्यामागे पुन्हा दुखापतीचा दर जवळपास निम्म्याने घटला. नऊ महिने भरले म्हणजे झालं असंही नाही. दोन्ही मांड्यांची ताकद यंत्रावर मोजून दुखावलेली बाजू चांगल्या बाजूच्या किमान ९० टक्के भरली पाहिजे, एका पायावरच्या लांब उडीतही तेवढंच, आणि उडीवरून खाली येताना गुडघा आत पडता कामा नये. ऑपरेशन आणखी महिन्याभराने झालं असं धरलं तरी स्पर्धेच्या वेळी तुमचे जेमतेम सात महिने झालेले असतील. ऑपरेशन न करता, एसीएलविना, स्पर्धेचा फुटबॉल खेळायला मी तुम्हाला सांगणार नाही. ही स्पर्धा हुकणार, संघाला आत्ताच कळवून टाका.